संगणकाचा पहारेकरी आणि अनोळखी कार्ड

बंगळूर शहराच्या दक्षिणेला, होसूर मार्गालगत, इलेक्ट्रॉनिक सिटी ही औद्योगिक वसाहत आहे. कर्नाटक राज्याच्या 'किओनिक्स' या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर तिची उभारणी सुरू केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना होती. त्या काळी येथे शेते आणि माळरान होते. पुढे १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली व १९८३ मध्ये बंगळूरला आलेली इन्फोसिस ही कंपनी येथे विसावली. विप्रो व इतर अनेक कंपन्याही येथे आल्या. २०१० मध्ये उन्नत मार्ग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची गाडी येथवर धावू लागली.

या वसाहतीतील मोठ्या कंपन्या आपल्या संगणकांच्या संरक्षणासाठी महागडी तयार उपकरणे विकत घेऊ शकतात. परंतु अशा प्रत्येक वसाहतीच्या आसपास लहान उद्योगांचेही एक जग असते. शिकवणी वर्ग, हिशेबनिसांची कार्यालये, दवाखाने, सुटे भाग बनवणारे कारखाने यांचेही काम संगणकावरच चालते. त्यांच्याकडेही ग्राहकांची नावे, रुग्णांच्या नोंदी आणि पैशांचे व्यवहार असतात. त्यांचे रक्षण कसे व्हावे? एखादा जुना संगणक घ्यावा, त्यावर मोफत मिळणारी मुक्तस्रोत फायरवॉल बसवावी आणि त्यालाच पहाऱ्यावर उभे करावे, हा त्यांना परवडणारा मार्ग आहे. मात्र या मार्गावर एक अडथळा हमखास येतो. संगणक सुरू होतो, फायरवॉलही सुरू होते. पण आत बसवलेले नेटवर्क कार्ड तिला दिसतच नाही. हा अडथळा का येतो आणि तो कसा दूर करावा, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहारेकऱ्याचे काम

महाजालावरून येणारी माहिती सलग येत नाही. तिचे लहान लहान तुकडे केलेले असतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटाप्रमाणे प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. त्याशिवाय त्यावर पोर्ट नावाचा एक क्रमांकही असतो. पोर्ट म्हणजे जणू एकाच वाड्याची निरनिराळी दारे. सुरक्षित संकेतस्थळांसाठी साधारणपणे ४४३ क्रमांकाचे दार वापरले जाते. असे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात.

फायरवॉल वाड्याच्या देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्यासारखी असते. ती प्रत्येक पॅकेटवरील पत्ता व दाराचा क्रमांक वाचते, आपल्याजवळच्या नियमांशी तो ताडून पाहते आणि पॅकेट आत सोडायचे की अडवायचे हे ठरवते. चांगली फायरवॉल याहून थोडे अधिक करते. आतून कोणी बाहेर विचारणा केली, तर तिची ती नोंद ठेवते. त्या विचारणेचे उत्तर आले की ते आत सोडते. न बोलावता आलेल्या पॅकेटला मात्र दारातच रोखते.

हे काम करणारी मुक्तस्रोत साधने गेल्या काही दशकांत तयार झाली. मुक्तस्रोत म्हणजे ज्या प्रणालीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, तपासता, बदलता व वाटता येतो अशी प्रणाली. लिनक्समधील 'नेटफिल्टर' ही यंत्रणा रस्टी रसेल यांनी १९९८ मध्ये सुरू केली. 'ओपनबीएसडी' या प्रणालीत २००१ मध्ये जुनी फायरवॉल परवान्याच्या वादामुळे काढून टाकावी लागली, तेव्हा डॅनियल हार्टमायर यांनी 'पीएफ' ही नवी फायरवॉल लिहिली. तीच पुढे 'फ्रीबीएसडी' या प्रणालीत आली. मॅन्युएल कास्पर यांनी २००३ मध्ये 'मोनोवॉल' प्रसिद्ध केली. तिच्यातून २००४ मध्ये 'पीएफसेन्स' आणि पीएफसेन्समधून २०१५ मध्ये 'ओपीएनसेन्स' ही शाखा निघाली. या दोन्हींचा पाया फ्रीबीएसडी आहे. एकाने लावलेल्या रोपाची फांदी दुसऱ्याने आपल्या अंगणात लावावी, तसा हा प्रवास आहे.

दोन दारे आणि एक दुभाषी

देवडीला दोन बाजू असतात: एक रस्त्याकडची, दुसरी वाड्याच्या आतली. त्याचप्रमाणे फायरवॉलच्या संगणकात साधारणपणे दोन नेटवर्क कार्डे लागतात. एका कार्डाला महाजालाची तार जोडतात, तर दुसऱ्याला कार्यालयातील संगणकांकडे जाणारी तार. जुन्या संगणकात बहुधा एकच कार्ड असते आणि ते मदरबोर्डवरच बसवलेले असते. दुसरे कार्ड बाजारातून आणावे लागते. बंगळूरचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारपेठांत असे कार्ड सहज मिळते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

कार्ड हे शेवटी एक यंत्र आहे. त्याची स्वतःची भाषा असते. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला म्हणजे ते माहिती पाठवील आणि आलेली माहिती ते कोठे ठेवील, हे सारे त्याच्या घडणीवर अवलंबून असते. ही भाषा संगणकाच्या मूळ प्रणालीला येत नाही. त्यासाठी मध्ये एक दुभाषी लागतो. या दुभाष्यालाच ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी नसेल, तर कार्ड कितीही उत्तम असले तरी ते मुक्याप्रमाणे बसून राहते. 'असमर्थित कार्ड' या शब्दप्रयोगाचा अर्थ कार्ड बिघडलेले आहे असा होत नाही. त्या प्रणालीकडे त्या कार्डाचा दुभाषी नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ओळख का पटत नाही?

याची मुख्य कारणे चार आहेत. पहिले कारण म्हणजे उत्पादकांचे मौन. अनेक उत्पादक विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः तयार करतात; परंतु कार्डाच्या घडणीची कागदपत्रे प्रसिद्ध करत नाहीत. मग इतर प्रणालींसाठी दुभाषी कोण आणि कसा घडवणार?

दुसरे कारण काळाचे आहे. कार्डावरील चिप बाजारात आधी येते आणि मुक्तस्रोत ड्रायव्हर मागाहून येतो. इंटेल कंपनीच्या २.५ गिगाबिट वेगाच्या आय-२२५ या चिपसाठीचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या विकासशाखेत जुलै २०२१ मध्ये दाखल झाला. त्याआधी ज्यांनी ही चिप असलेले नवे संगणक फायरवॉलसाठी घेतले, त्यांना थांबावे लागले.

तिसरे कारण वापरकर्त्यांच्या संख्येशी निगडित आहे. लिनक्सवर काम करणारे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. फ्रीबीएसडीवर त्या मानाने कमी. त्यामुळे लिनक्सवर चालणारे कार्ड फ्रीबीएसडीवर चालेलच असे नाही.

चौथे कारण व्यवहारातले आहे. खोक्यावर लिहिलेले नाव आणि आतील चिप यांत फरक असू शकतो. त्याच नावाच्या कार्डात उत्पादक पुढे वेगळी चिप बसवतो. शिवाय नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट कार्डेही विकली जातात. म्हणून केवळ खोका पाहून निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

कार्डाची खरी ओळख

यासाठी कार्डाची खरी ओळख वाचायला शिकले पाहिजे. संगणकात बसवलेल्या अशा प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक असतात: एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा. दोन्ही प्रत्येकी चार चिन्हांचे असतात. ते षोडशमान पद्धतीत, म्हणजे अंकांबरोबर ए ते एफ ही सहा अक्षरे वापरून लिहिले जातात. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. १९७८ मध्ये इंटेलने याच नावाचा प्रसिद्ध प्रोसेसर बाजारात आणला होता. तैवानच्या रिअलटेक कंपनीचा क्रमांक '१०ईसी' असा आहे. तिच्या २.५ गिगाबिट कार्डाचा उपकरण क्रमांक ८१२५ आहे.

हे क्रमांक पाहण्यासाठी लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा आहे, तर फ्रीबीएसडीमध्ये 'पीसीआयकॉन्फ'. फ्रीबीएसडीतील यादीत ज्या कार्डाला दुभाषी मिळाला आहे, त्याच्यापुढे ड्रायव्हरचे नाव दिसते. उदाहरणार्थ इंटेलच्या अनेक कार्डांसाठी 'ईएम' किंवा 'आयजीबी', रिअलटेकच्या कार्डांसाठी 'आरई'. ज्याला दुभाषी मिळालेला नाही, त्याच्यापुढे 'नन' म्हणजे 'कोणी नाही' असा शब्द येतो. येथे एक गोष्ट लक्षात येते. ड्रायव्हर नसला तरी यादीत कार्ड दिसते. ते यादीतच नसेल, तर दोष ड्रायव्हरचा नसून कार्ड नीट न बसणे, खाच खराब असणे किंवा संगणकाच्या आरंभीच्या मांडणीत ते बंद केलेले असणे यांपैकी काहीतरी असते. या दोन स्थितींतील फरक ओळखता आला की अर्धे काम झाले.

उपायांचा क्रम

क्रमांक हाती आल्यावर सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम फायरवॉलची आवृत्ती पाहावी. ती जुनी असेल, तर नव्या आवृत्तीत त्या कार्डाचा ड्रायव्हर आलेला असण्याची शक्यता असते. फ्रीबीएसडीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर चालणाऱ्या उपकरणांची यादी प्रसिद्ध होते. त्या यादीत चिपचे नाव शोधावे.

तेथे नाव नसेल, तर वेगळा ड्रायव्हर मिळतो का ते पाहावे. रिअलटेक कंपनीने फ्रीबीएसडीसाठी दिलेला ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या अतिरिक्त संग्रहात ठेवलेला आहे. ओपीएनसेन्समध्ये तो जोडणीच्या स्वरूपात बसवता येतो. येथे एक पेच उभा राहतो: ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी महाजाल हवे आणि महाजालासाठी ड्रायव्हर हवा! अशा वेळी दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून ती पेनड्राइव्हने आणावी, किंवा ओळखले जाणारे एखादे यूएसबी नेटवर्क उपकरण तेवढ्यापुरते लावावे. मात्र अशी यूएसबी उपकरणे तात्पुरत्या कामासाठीच ठीक असतात. रात्रंदिवस चालणाऱ्या पहाऱ्यासाठी ती भरवशाची मानली जात नाहीत.

तयार ड्रायव्हर मिळाला नाही, पण त्याचा मूळ मजकूर उपलब्ध असेल, तर तो स्वतः घडवता येतो. पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये ड्रायव्हर घडवण्याची साधने दिलेली नसतात. पहाऱ्याच्या जागी अनावश्यक हत्यारे ठेवू नयेत, हा शहाणपणा त्यामागे आहे. म्हणून वेगळ्या संगणकावर फ्रीबीएसडी बसवून तेथे ड्रायव्हर तयार करावा लागतो. ही फ्रीबीएसडी त्याच आवृत्तीची असली पाहिजे, ज्या आवृत्तीवर फायरवॉल उभी आहे. बाराव्या आवृत्तीसाठी घडवलेला ड्रायव्हर चौदाव्या आवृत्तीत चालत नाही. तयार झालेली फाइल फायरवॉलमध्ये योग्य जागी ठेवून, संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या मांडणीच्या फाइलमध्ये तिची नोंद करावी. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू केला की यादीत 'नन'च्या जागी ड्रायव्हरचे नाव दिसू लागते.

कार्ड चालू झाले तरी काम संपत नाही. काही कार्डे थोडा वेळ नीट चालतात आणि काम वाढले की मध्येच थबकतात. काही कार्डे पॅकेटची बेरीज-तपासणी स्वतः करण्याचा दावा करतात, पण ती चुकवतात. पीएफसेन्समध्ये ही तपासणी कार्डाकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे देण्याची सोय आहे. ती सोय वापरून पाहावी आणि निदान काही दिवस भरपूर वापर करून मगच त्या संगणकावर भिस्त ठेवावी.

आणखी दोन वाटा आहेत. संगणकावर आधी लिनक्स बसवून त्याच्या पोटात फायरवॉल आभासी संगणकाच्या रूपाने चालवता येते. कार्डाशी लिनक्स बोलते आणि फायरवॉलला एक आभासी, ओळखीचे कार्ड दाखवते. मात्र त्यामुळे बाहेरच्या लिनक्सचेही रक्षण करण्याची जबाबदारी वाढते. दुसरी वाट म्हणजे एकाच चालणाऱ्या कार्डावर भागवणे. 'व्हीलॅन' ही सोय असलेला स्विच एकाच तारेतून दोन वेगळे मार्ग नेऊ शकतो. एकाच दारातून, पण आखलेल्या दोन रांगांतून माणसे सोडावीत, तसे हे असते.

यापैकी काहीच जमले नाही, तर ओळखीच्या चिपचे जुने कार्ड विकत घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. गिगाबिट वेगाची इंटेलची वापरलेली कार्डे जुन्या सामानाच्या बाजारात मिळतात. खरेदीपूर्वी पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली बरोबर न्यावी आणि दुकानातील संगणकावर कार्ड तपासून पाहावे. दहा मिनिटांच्या तपासणीने पुष्कळ मनस्ताप वाचतो.

विश्वासाचा प्रश्न

ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात बसून काम करतो. तेथून त्याला संगणकातील जवळजवळ सर्व काही दिसू शकते. इतर संगणकात हे चालून जाईल; पण येथे प्रश्न पहारेकऱ्याचा आहे. कोणा अनोळखी व्यक्तीने घडवून दिलेला, मूळ मजकूर नसलेला ड्रायव्हर फायरवॉलमध्ये बसवणे म्हणजे देवडीच्या किल्ल्या वाटसरूच्या हाती देणे होय. म्हणून ड्रायव्हर कोठून आला, कोणी घडवला आणि त्याचा मजकूर तपासता येतो का, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरा धोका अद्ययावत करण्याचा आहे. सुरक्षेतील दोष दूर करणाऱ्या नव्या आवृत्त्या फायरवॉलला वेळोवेळी लागतात. हाताने बसवलेला ड्रायव्हर नव्या आवृत्तीत बंद पडू शकतो आणि कार्यालयाचे काम थांबते. या भीतीने कित्येक जण आवृत्ती बदलतच नाहीत. मग कार्ड चालत राहते, पण पहारा दुबळा होत जातो. यावर उपाय एकच: मांडणीची प्रत जपून ठेवावी, नव्या आवृत्तीसाठीचा ड्रायव्हर आधी तयार करावा आणि बदल सुटीच्या दिवशी करावा.

दुभाषी घडवणारे

यंत्राची भाषा गुप्त ठेवण्यावरून झालेला संघर्ष जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका झेरॉक्स छपाईयंत्राच्या प्रणालीत सुधारणा करायची होती. पण तिचा मूळ मजकूर त्यांना नाकारला गेला. या अनुभवाने त्यांच्या विचारांना दिशा दिली आणि १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणाली घडवण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे नासामध्ये काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी असंख्य नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. फ्रीबीएसडीसाठी हेच काम बिल पॉल यांनी केले. विंडोजचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीत वापरण्याची एक युक्तीही त्यांनी काढली होती. ती कालबाह्य झाल्याने २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. एनव्हिडिया कंपनीच्या एका चिपची कागदपत्रे मिळेनात, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी तिचे वर्तन निरखून लिनक्ससाठी 'फोर्सडेथ' हा ड्रायव्हर स्वतंत्रपणे लिहिला. पुढे त्या कंपनीनेच या ड्रायव्हरच्या कामात हातभार लावला.

भारतातील कायदाही या प्रयत्नांना वाव देतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९९ मध्ये एक तरतूद जोडण्यात आली. संगणक प्रणाली कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, दुसरी स्वतंत्र प्रणाली तिच्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक असलेली माहिती मिळवता येते. मात्र ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणाली वापरण्याचे धोरणही जाहीर केले.

बंगळूर शहराचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. २००१ मध्ये येथे 'लिनक्स बेंगळूरू' या नावाने मुक्तस्रोत कार्यकर्त्यांचे संमेलन सुरू झाले. पुढे ते 'फॉस डॉट इन' या नावाने २०१२ पर्यंत भरत राहिले. त्यामागील प्रमुख व्यक्ती अतुल चिटणीस हे होते. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. नेटफिल्टरच्या विकासात मोठा वाटा असलेले जर्मनीचे हॅराल्ड वेल्टे यांनीही या संमेलनात व्याख्याने दिली. केवळ वापरणारे होऊन थांबू नका, घडवणारे व्हा, असा या संमेलनाचा आग्रह होता.

असे ड्रायव्हर लिहिणे सर्वांना जमेल असे नाही. परंतु कार्डाचा क्रमांक वाचणे, यादीशी तो ताडून पाहणे, ड्रायव्हरचा उगम तपासणे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची वहीत नोंद ठेवणे, या गोष्टी पदवी नसलेल्या माणसालाही सरावाने साधतात. चालत नसलेल्या कार्डाची नेमकी माहिती, म्हणजे क्रमांक, आवृत्ती आणि दिसलेला दोष, प्रणाली घडवणाऱ्यांना कळवणे हेही मोलाचे काम आहे. अशा अचूक नोंदींच्या आधारेच ते आपले ड्रायव्हर सुधारतात. आज एका लहान कार्यालयातील कारागिराने नीट लिहून पाठवलेली नोंद उद्या दूरच्या एखाद्या गावातील शाळेचे वा दवाखान्याचे दार राखण्यास उपयोगी पडू शकते.